आकड्याला नाव कधी द्यावे?

(वरळी येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संगणकाला जोडलेले कुठलेही यंत्र घ्या, प्रिंटर, कीबोर्ड, डिस्क, नेटवर्कचे कार्ड. त्या यंत्राशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम संगणकात असतो, त्याला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. या प्रोग्राममध्ये आकडे फार असतात. यंत्राला 'चालू हो' सांगायचे तर एक आकडा, 'थांब' सांगायचे तर दुसरा, 'तुझे झाले का?' असे विचारायचे तर तिसऱ्या पत्त्यावरचा चौथा बिट वाचायचा. या आकड्यांना नावे कशी द्यावीत, कधी द्यावीत आणि कधी मुळीच देऊ नयेत, एवढाच माझा आजचा विषय आहे. तो लहान वाटेल. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर संध्याकाळच्या वर्गात वर्षानुवर्षे जे शिकवत राहिले, त्याचा गाभा मला इथेच सापडतो. म्हणून दुसरा विषय मी शोधला नाही.

सरांच्या वर्गात ८०८५ मायक्रोप्रोसेसरचा किट होता आणि त्याला जोडलेली ८२५५ ही चिप. महाराष्ट्रात डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग केलेल्या कितीतरी जणांनी या चिपचा 'कंट्रोल वर्ड' पाठ केलेला आहे. ८० एच म्हणजे तिन्ही पोर्ट आउटपुट. ८२ एच म्हणजे पोर्ट बी इनपुट. ९० एच म्हणजे पोर्ट ए इनपुट. जर्नलमध्ये हे आकडे लिहिलेले असतात, तोंडी परीक्षेत विचारले की मुले धडाधड सांगतात. '८२ का?' असे विचारले की मात्र वर्ग गप्प. सर पाठांतर चालू देत नसत. ते प्रोग्रामच्या माथ्यावर पहिल्यांदा 'ईक्यूयू'च्या, म्हणजे आकड्याला नाव देण्याच्या, ओळी लिहायला लावत. मोड सांगण्याचा बिट म्हणजे ८०, पोर्ट ए इनपुट म्हणजे १०, पोर्ट बी इनपुट म्हणजे ०२. मग खाली या नावांचीच बेरीज. ८० आणि ०२ मिळून ८२ होतात हे एकदा डोळ्यांनी दिसले की ते पाठ करावे लागत नाही. शिवाय कुणी उद्या पोर्ट ए आणि बी दोन्ही इनपुट करायला सांगितले, तर जर्नल चाळायची गरज नाही. नावे जोडली की ९२ आपोआप हाती येतो.

सर पुन्हा पुन्हा सांगत असलेली आणखी एक गोष्ट होती. नाव मनाने ठेवू नका, चिपच्या डेटाशीटमध्ये जे आहे तेच घ्या. त्याचे कारण पुढे येईल.

मुंबईने नावे नसलेला काळही पाहिला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा भारतातला पहिला स्वदेशी बनावटीचा इलेक्ट्रॉनिक संगणक. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिले. आर. नरसिंहन यांच्या गटाने तो उभा केला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. स्मृती मात्र ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने दहा हजार बाइट. अशा यंत्रावर आज्ञाही आकड्यांतच लिहायची आणि जागांचे पत्तेही आकड्यांतच. लिहिणारा आणि यंत्र बांधणारा शेजारी बसलेले होते, म्हणून ते निभावले. एका आकड्याचा अर्थ विसरला तर शेजारी विचारता येत होते. शेजारचा माणूस निवृत्त झाला, बदलून गेला, परदेशी गेला, की आकडा पोरका होतो.

याचे आपल्या गल्लीतले उदाहरण देतो, आणि त्यावर जरा थांबतो.

१९९०च्या दशकात दादर, परळ, लालबागच्या दुकानांत आणि हिशेबाच्या कार्यालयांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर सतत ऐकू येई. बिलाचे प्रोग्राम डीबेस, क्लिपर नाहीतर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले असत. ते लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर 'सीएचआर १५' असायचे. प्रिंटरला १५ हा आकडा पाठवला की अक्षर बारीक होते आणि १३२ अक्षरांची ओळ लहान कागदावर मावते. १८ पाठवला की अक्षर पुन्हा नेहमीसारखे. मोठ्या आज्ञांची सुरुवात २७ने, म्हणजे 'एस्केप'ने. २७ आणि ६९, ठळक अक्षर सुरू. २७ आणि ७०, ठळक बंद. २७ आणि ७१, प्रत्येक अक्षर दोनदा ठोकायला सुरुवात. २७ आणि ७२, ते बंद. ही सगळी एप्सनच्या प्रिंटरची भाषा, आणि बाजारातल्या बहुतेक प्रिंटरांना ती समजे.

आता कागद. आपल्याकडची बिलांची कंटिन्युअस स्टेशनरी साधारणपणे १२ इंची. इंचाला ६ ओळी, म्हणून एका पानावर ७२ ओळी. अमेरिकेतला कागद ११ इंची, त्यावर ६६ ओळी. प्रिंटर ११ इंचांवर लावलेला राहिला आणि कागद १२ इंची असला, तर दर पानाला सहा ओळींचा फरक पडत जातो. दुकानाचे नाव आधी छिद्रांच्या रेघेवर येते, मग मागच्या पानाच्या तळाशी. म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला २७, ६७ आणि ७२ असे तीन आकडे पाठवायचे, म्हणजे 'पान ७२ ओळींचे आहे' असे प्रिंटरला कळते. प्रोग्राममध्ये पुढेही ७२ येतो. 'ओळींची संख्या ७२ झाली की नवे पान' ही अट असते. ओळींमधले अंतर बदलायची आज्ञा इंचाच्या ७२व्या भागात मोजते, म्हणून त्या हिशेबातही ७२. आणि दोनदा ठोकणे बंद करायचे तर २७च्या मागोमाग पुन्हा ७२.

समजा, एका दुकानाने ११ इंची छापील फॉर्म घेतले. प्रोग्राम बदलायला एक होतकरू मुलगा आला. मूळ लिहिणारा केव्हाच दुसऱ्या नोकरीत गेलेला. मुलाला एवढे कळले की ७२चे ६६ करायचे आहेत. त्याने एडिटरमध्ये सगळीकडे शोधून ७२च्या जागी ६६ घातले. पानाची लांबी बरोबर झाली. पण 'दोनदा ठोकणे बंद' ही आज्ञा २७ आणि ६६ झाली, आणि प्रिंटरच्या भाषेत तिचा अर्थ 'उभ्या टॅबच्या जागा लिहून घे'. ती मिळाल्यावर प्रिंटर पुढची काही अक्षरे टॅबचे आकडे समजून गिळतो. ओळींमधले अंतरही बिघडते. बिलातून ग्राहकाचे नाव किंवा रकमेचा भाग गायब होतो. मुलगा बिचारा केबल तपासतो, रिबन बदलतो, प्रिंटर दुरुस्तीला पाठवतो. दोष त्याच्यात नाही. चार वेगळ्या गोष्टींना एकच चेहरा दिला होता, त्यांतली कोणती कोणती हे त्याने ओळखायचे कसे?

माथ्यावर चार नावे असती, पानाच्या ओळी, दोनदा ठोकणे बंद, अंतराचे एकक, नव्या पानाची अट, तर हे काम एका ओळीत संपले असते. चौथे नाव तर स्वतंत्र आकड्याचे नव्हेच, ते पहिल्या नावावरूनच काढायला हवे. क्लिपरच्या पाचव्या आवृत्तीत 'डिफाइन' करण्याची सोय होती. साधन हाताशी होते, सवय नव्हती.

आकडा एक आणि अर्थ अनेक, हा ड्रायव्हरच्या दुनियेतला नेहमीचा प्रकार आहे. त्याचा उत्तम नमुना युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९७५ साली बाहेर पडलेल्या सहाव्या आवृत्तीत आहे. या आवृत्तीचा गाभा सुमारे नऊ हजार ओळींचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी त्यावर ओळीनिहाय भाष्य लिहिले, आणि जगभरच्या अनेकांनी त्यावरूनच ऑपरेटिंग सिस्टीम शिकली. त्यात आरके डिस्कचा ड्रायव्हर आहे. त्याच्या माथ्यावर 'आयएनेबल' म्हणजे अष्टमान पद्धतीत १००, इंटरप्ट चालू करण्याचा बिट. थोडे खाली 'एआरडीवाय', म्हणजे डिस्कचे डोके जागेवर पोचल्याची खूण. त्याचीही किंमत १००. 'डीआरवाय', डिस्क तयार, २००. 'सीटीएलआरडीवाय', कंट्रोलर तयार, पुन्हा २००. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही १०० तंतोतंत सारखेच. पहिला नियंत्रणाच्या रजिस्टरमध्ये घालायचा, दुसरा डिस्कच्या स्थितीच्या रजिस्टरमधून वाचायचा, एवढाच काय तो फरक, आणि तो फक्त नाव सांगते. कंपायलरला यातले काही कळत नाही. नावे माणसासाठी आहेत. युनिक्सचे कर्ते थॉम्प्सन आणि रिची यांच्यासारखी माणसे, ज्यांना तो ड्रायव्हर तोंडपाठ असणार, त्यांनीही ती लिहिली.

त्याच आवृत्तीत लाइन प्रिंटरचा ड्रायव्हर आहे. त्यात 'मॅक्सकोल' ८० आणि 'ईजेलाइन' ६०. म्हणजे ८० अक्षरांनंतर ओळ कापायची आणि साठाव्या ओळीनंतर पान सोडायचे. लालबागच्या दुकानात जे हवे होते, ते तिथे वीस वर्षे आधी लिहिलेले होते.

आता यातला सर्वांत अवघड प्रकार. संगणकाच्या सीरियल पोर्टमागे ८२५० किंवा १६५५० जातीची चिप असते. तिच्या पहिल्या पत्त्याला, म्हणजे शून्य क्रमांकाला, लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या शीर्षफायलीत तीन नावे आहेत. वाचले तर तो 'आरएक्स', आलेले अक्षर. लिहिले तर 'टीएक्स', पाठवायचे अक्षर. आणि दुसऱ्या एका रजिस्टरमधला 'डीलॅब' नावाचा बिट १ केला, तर तोच पत्ता 'डीएलएल' होतो, वेग ठरवणाऱ्या भाजकाचा खालचा अर्धा. तिन्ही नावांपुढे किंमत एकच, शून्य. बाहेरगावच्या मित्रांना हे विचित्र वाटते. वरळीकरांना वाटू नये. १९२०च्या दशकात बांधलेल्या इथल्या बी.डी.डी. चाळींत आणि गिरणगावातल्या इतर चाळींत एकाच खोलीत पहिल्या पाळीचे कामगार दिवसा बाहेर असत तेव्हा रात्रपाळीचे झोपत, आणि संध्याकाळी उलट. खोलीचा क्रमांक तोच, पण दुपारी दार ठोठावणाऱ्याला कोणाला हाक मारायची आहे हे ठाऊक असावे लागे. 'डीलॅब'चा बिट ही इथली पाळी. भाजकात १२ लिहिला की वेग ९,६०० होतो, कारण १,१५,२००ला १२ने भागायचे. पण तो बिट परत शून्य करायला विसरलात, तर पुढचे अक्षर तारेवर जातच नाही, ते भाजकात जाऊन बसते आणि वेगच बदलतो. कोडमध्ये नुसते शून्य लिहिलेले असेल तर ही चूक कुणालाही दिसणार नाही. 'डीलॅब' चालू असताना 'टीएक्स'मध्ये लिहिले आहे असे दिसले, तर जाणता वाचणारा तिथेच थांबतो.

एवढे ऐकून कुणाला वाटेल, प्रत्येक आकड्याला नाव द्यावे, म्हणजे झाले. तसे नाही. हा आग्रहही घातक आहे, आणि सरांचा त्यालाही तितकाच विरोध होता. नव्या उमेदीने शिकलेली मुले 'आठ' नावाचा स्थिरांक करून त्याची किंमत ८ ठेवतात. उद्या किंमत ९ झाली की नाव खोटे बोलू लागते. नावात किंमत असू नये, काम असावे.

फायलींच्या परवानग्यांचे उदाहरण पाहा. युनिक्समध्ये मालक, गट आणि इतर असे तीन अंक असतात. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. ०६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी फक्त वाचावे. यासाठी लांबलचक बोधनावे पूर्वीपासून आहेत. चार नावे उभ्या रेघांनी जोडली की ०६४४ होतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ साली स्पष्ट सांगितले की इथे आकडाच वाचायला सोपा आहे, नावे नकोत. आज लिनक्सचे तपासणी साधन, 'चेकपॅच', या बाबतीत नाव लिहिले तर इशारा देते आणि अष्टमान आकडा सुचवते. ज्या समाजाच्या लेखनशैलीच्या नियमांत स्थिरांकांची नावे मोठ्या अक्षरांत लिहा असे सांगितलेले आहे, तोच समाज इथे नाव नाकारतो. मला हा निर्णय बरोबर वाटतो. ०६४४ हा आकडा जगभरच्या सिस्टीम चालवणाऱ्यांच्या बोटांत बसलेला आहे, त्याचे प्रत्येक अंकाचे अर्थ उघडे आहेत, आणि त्याला दुसरा अर्थ नाही.

दुसरे उदाहरण पीसीआय कार्डांचे. प्रत्येक कार्डावर बनवणाऱ्या कंपनीचा एक क्रमांक असतो आणि त्या मालाचा एक. इंटेलचा क्रमांक षोडशमान पद्धतीत ८०८६ आहे, १९७८ सालच्या त्यांच्या प्रोसेसरची आठवण. कंपनीचा क्रमांक अनेक ड्रायव्हरांत लागतो, म्हणून त्याला सामाईक नाव आहे. पण एखाद्या कार्डाचा मालक्रमांक एकाच ड्रायव्हरात एकदाच येतो. पूर्वी लोक अशा प्रत्येक क्रमांकाचे नाव सामाईक फायलीत घालत. फाइल फुगत गेली. शिवाय ती बदलली की ती वापरणारे सगळे ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करावे लागत. आता त्या फायलीच्या डोक्यावरच सूचना आहे की एकापेक्षा अधिक ड्रायव्हर वापरणार नसतील तर नवी नोंद घालू नका. म्हणून यादीत सरळ आकडा लिहायचा आणि शेजारी टीप, हे कुठले कार्ड. त्या क्रमांकाचा दुसरा अर्थ संभवत नाही आणि दुसरीकडे तो येणारही नाही. नाव देऊन माहितीत काहीच भर पडत नाही, फक्त वाचणाऱ्याला आणखी एक फाइल उघडावी लागते.

तर माझा निवाडा असा. ज्या आकड्याला दुसरा अर्थ असू शकतो, किंवा जो उद्या बदलू शकतो, त्याला नाव हवेच. जो आकडा स्वतःच सर्वांच्या परिचयाची ओळख आहे, तो जसाचा तसा राहू द्यावा. आणि नाव द्यायचेच असेल तर डेटाशीटमधले द्यावे.

या शेवटच्या मुद्द्यावर वाद होतात. डेटाशीटमधली नावे पुष्कळदा कुरूप असतात. कुठे स्वर गाळलेले, कुठे मोठी-लहान अक्षरे मिसळलेली. आपल्या कोडची शैली निराळी असते. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी दिलेले ड्रायव्हर लिनक्सच्या 'स्टेजिंग' विभागात येतात तेव्हा नावांतली मिश्र अक्षरे काढून टाकण्याचे काम अनेक नवशिक्यांनी केले आहे, आणि लिनक्सच्या कामात शिरायचा तो चांगला दरवाजा आहे. अक्षरे मोठी करा, पुढे ड्रायव्हरचा उपसर्ग लावा, ते ठीक. 'रीसेट' किंवा 'एनेबल' एवढीच नावे नऊ हजार ओळींच्या युनिक्सला चालली. ज्या लिनक्सच्या कोट्यवधी ओळींपैकी अर्ध्याहून अधिक ड्रायव्हरांच्या आहेत, तिथे ती एकमेकांवर आदळतात. पण नावाचे मूळ रूप टिकले पाहिजे. मध्यरात्री यंत्र बंद पडलेले असताना एका खिडकीत कोड आणि दुसऱ्या खिडकीत चारशे पानांचे डेटाशीट उघडून बसलेल्या माणसाला, कोडमधला शब्द डेटाशीटमध्ये शोधता आला पाहिजे. तुम्ही त्याचे सुंदर भाषांतर करून ठेवले असेल तर शोध रिकामा येतो. सर सांगत होते ते यासाठी.

बिटांचेही तसेच. डेटाशीट 'बिट ३' म्हणते. कोडमध्ये ०८ लिहिला तर वाचणाऱ्याने मनात हिशेब करायचा. लिनक्समध्ये 'बिट' नावाचा मॅक्रो आहे, त्याला ३ दिला की झाले. सलग बिटांच्या पट्ट्यासाठी 'जेनमास्क' आहे, त्याला वरचा बिट आधी आणि खालचा नंतर द्यायचा. डेटाशीटच्या तक्त्यात जसे छापलेले असते तसेच. रजिस्टरची नावे पत्त्यांच्या क्रमाने आणि प्रत्येक रजिस्टरखाली त्याचे बिट थोडे आत सरकवून लिहिले, म्हणजे कुठला बिट कुठल्या घराचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

बारीकसारीक गोष्टी झटपट सांगतो. 'डिफाइन'मध्ये उजवीकडे काही क्रिया असेल तर ती कंसात घाला. १ला ३ घरे सरकवा असे कंसाविना लिहिले आणि वापरताना त्यात १ मिळवला, तर ९ ऐवजी १६ मिळतात, कारण बेरीज आधी होते. एकमेकांशी संबंधित स्थिरांकांसाठी 'एनम' चांगले. डीबगरमध्ये नुसत्या आकड्याऐवजी नाव दिसते. पण यंत्राने ठरवलेल्या किमती असतील तर प्रत्येकीपुढे आकडा लिहा. कंपायलरला क्रमाने मोजू दिले आणि कुणी मध्ये एक ओळ घातली, की खालचे सगळे सरकते, आणि यंत्राला ते कुणी कळवलेले नसते. आणि सी भाषेत आकड्याआधी उगाच शून्य लावू नका, ०१० म्हणजे ८.

एक अपवाद मात्र मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. हार्डवेअरच्या जुन्या दस्तऐवजांत एका चिपला 'मास्टर' आणि दुसरीला 'स्लेव्ह' म्हणत. २०२० साली लिनक्सने आपल्या शैलीच्या नियमांत लिहिले की नव्या नावांत हे शब्द आणू नका. ज्या जुन्या हार्डवेअरच्या किंवा प्रोटोकॉलच्या तपशिलात तेच शब्द बंधनकारक आहेत, तिथे सूट दिली. पुढे २०२१ साली 'आय-टू-सी' या प्रोटोकॉलच्या अधिकृत दस्तऐवजातच 'कंट्रोलर' आणि 'टार्गेट' आले. म्हणजे डेटाशीटच बदलले, आणि कोडला मागोमाग जाता आले. हे किरकोळ काम आहे असे काही जाणकारांनी म्हटले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा ज्या वस्तीच्या घराघरांतून गेला, १४ जानेवारी १९९४ हा नामविस्ताराचा दिवस जिथे आजही पाळला जातो, तिथे उभे राहून मी तसे म्हणणार नाही. नाव रोज वाचणारा माणूस असतो, आणि त्याला ते वाचताना मान खाली घालावी लागू नये.

आपल्या लिपीचेही एक उदाहरण द्यायला हवे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड पूर्वीच्या डॉस संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागे इस्की हे सांकेतिक मानक होते, १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ते प्रमाणित केले. इस्कीत 'क'चा क्रमांक १७९. युनिकोडमध्ये तोच 'क' षोडशमान ०९१५वर आहे. अनेक कार्यालयांनी इस्कीतून युनिकोडकडे जाताना आपले प्रोग्राम तपासले. ज्यांच्या प्रोग्राममध्ये 'क'ला नाव होते त्यांनी एक तक्ता बदलला. ज्यांनी १७९ जागोजागी पेरून ठेवला होता, त्यांना तो वेचत बसावे लागले. आणि १७९ हा कुठे 'क' होता, कुठे एखाद्या वस्तूची किंमत, कुठे टेबलातला रांगेचा क्रमांक, हे एकेक उघडून बघावे लागले. अक्षर तेच राहिले, आकडा बदलला. आकडे बदलतात, या कारणासाठीच आपण नावांचा खटाटोप करतो.

इथे इंजिनीअरिंगची आणि डिप्लोमाची मुले-मुली बऱ्याच संख्येने आलेली दिसतात, काही शिक्षकही आहेत. माझी दोघांनाही विनंती आहे.

शिक्षकांनो, प्रात्यक्षिकाला प्रोग्राम चालला की पूर्ण गुण देऊ नका. ८० एचच्या जागी नावे लिहिली आहेत का, ती डेटाशीटशी जुळतात का, हे पाहून त्यासाठी वेगळे गुण ठेवा. तुम्ही विचारलेत तर मुले लिहितील. आजवर आपण विचारलेले नाही.

मुलांनो, लिनक्सचा सगळा कोड खुला आहे, फुकट मिळतो. सीरियल पोर्टची शीर्षफाइल आधी वाचा, ती छोटी आहे. १६५५०चे डेटाशीट शेजारी ठेवा आणि एकेक नाव त्यात शोधा. मग स्वतःच्या लॅपटॉपमधल्या एखाद्या साध्या यंत्राचा ड्रायव्हर उघडा. जिथे बोडका आकडा दिसेल तिथे विचारा की याला दुसरा अर्थ आहे का, हा बदलू शकतो का. उत्तर 'हो' आले, तर डेटाशीटमधले नाव घालून सुधारणा तयार करा, 'चेकपॅच' चालवा आणि त्या ड्रायव्हरच्या सांभाळकर्त्याला पाठवा. ती नाकारली गेली तर कारण वाचा आणि पुन्हा पाठवा. पुढच्या वर्षी या व्याख्यानाला याल तेव्हा तुमच्यापैकी निदान एकाची सुधारणा स्वीकारली गेलेली असावी, एवढे सरांच्या नावाने मागतो आणि थांबतो.